नळाला मोटर लावणाऱ्या आमच्या लेआउटच्या रहिवाशांना खुले पत्र

प्रति,
आमच्या लेआउटमधले सगळे रहिवासी, आणि त्यातही ज्यांच्या नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर, जोडलेला आहे ते,
नागपूर.

विषय : पहाटेची मोटर, दारातला कूलर आणि लाइनीच्या टोकावरची घरं.

स.न.वि.वि.

मी लेआउटच्या सगळ्यात शेवटच्या गल्लीत राहते आणि घरून डबे करते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं, दोन बँकवाले आणि एकट्या राहणाऱ्या एक आजी, अशी माझी गिऱ्हाइकं. तुमच्यापैकी बहुतेकांशी माझं बोलणं लग्नकार्यात आणि गणपतीच्या वर्गणीपुरतं होतं, म्हणून हे पत्र. ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथे पाण्याचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय वाहून जातो.

नाव मी कोणाचंच घेणार नाही. गरजही नाही. पहाटे साडेपाचला नळ येतात, त्या वेळी गल्लीतून एक चक्कर मारली की कोणाकडे मोटर आहे ते कानाला कळतं. पंप पायरीखाली ठेवा, वर पोतं टाका, नाहीतर बाथरूमचं दार लावून घ्या, घरघर बाहेर येतेच.

मोटर नेमकं काय करते ते आधी सांगते. कारण ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलले त्यातल्या कित्येकांना वाटतं की मोटर लावली म्हणजे पाणी जास्त येतं. पाणी जास्त येत नाही हो. जलकुंभातून आपल्या लेआउटसाठी जेवढं सुटतं तेवढंच सुटतं. टाकी उंचावर असते, त्या उंचीच्या दाबाने पाणी लाइनीत धावतं आणि वाटेतल्या प्रत्येक नळाला थोडं थोडं देत टोकापर्यंत जातं. मधेच कोणी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप थेट नळाला जोडला की त्या जागी दाब पडतो. जिथे दाब कमी तिकडे पाणी वळतं, म्हणजे तुमच्या टाक्यात. पुढच्या घरांपर्यंत जायला त्याच्यात जोर उरत नाही. पोह्यांच्या ठेल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाने गंजात, म्हणजे रश्शाच्या पातेल्यात, डाव तिरपा धरून वरची सगळी तर्री आपल्या प्लेटीत ओढून घ्यावी, तसं आहे हे. मागच्याला गंज रिकामा दिसत नाही, पण वाट्याला येतं ते फिकं पाणी.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही हौसेने लावली नाही, शेजारच्याने लावली म्हणून लावावी लागली. मला हे शंभर टक्के पटतं. सुरुवात कोणी केली याचा शोध घेण्यात मला रस नाही. पण हिशेब पाहा. एका घराने लावली तेव्हा त्याला खरंच जास्त पाणी मिळालं. शेजाऱ्याची धार बारीक झाली, म्हणून त्यानेही आणली. मग समोरच्याने. आज गल्लीत सगळ्यांकडे मोटर आहे आणि सगळ्यांना मिळून पाणी पहिल्याइतकंच आहे, कारण लाइन तीच आणि टाकी तीच. फरक एवढाच की आता विजेचं बिल वेगळं, लाइन कोरडी पडली की मोटरचं वाइंडिंग जळतं त्याचा खर्च वेगळा, आणि ओल्या फरशीवर उघडी वायर घेऊन रोज पहाटे विजेच्या धक्क्याची भीती वेगळी. वर रिकाम्या लाइनीतून मोटर हवा ओढते आणि मीटर हवेवरही फिरतो. म्हणजे न आलेल्या पाण्याचेही पैसे भरताय. मधल्या गल्लीत एकाने आता एक हॉर्सपॉवरची आणली आहे असं ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात दीडची येईल. लाइन तर काही जाड होणार नाही.

आपल्या कुंपणाच्या भिंतीमागे जी वस्ती आहे, तिची लाइन आपल्याच लाइनीवरून पुढे गेली आहे. फुटलेला पाइप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने खड्ड्यात उभं राहून मला ती वाट दाखवली. आपल्या लेआउटची शेवटची गल्ली म्हणजे त्यांची पहिली. आपल्याकडे उरलं तर त्यांना. आणि त्या वस्तीतून आपल्या घरी कोण कोण येतं ते आठवून पाहा : धुणंभांड्याच्या बाया, गाड्या पुसणारा पोरगा, फ्लॅट स्कीमचा चौकीदार, अंथरुणाला खिळलेल्या काकाजींना आंघोळ घालायला येणारा भाऊ. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणारी बाईही तिथलीच.

आता एक सकाळ तुमच्या घरून आणि तिच्या घरून, दोन्हीकडून बघा. साडेपाचला तुमची मोटर सुरू होते. खालचं टाकं भरतं, मग वरची टाकी, आणि ती वाहायला लागली की कोणीतरी आतून ओरडतं, अरे बंद करा ती. तोवर चहा झालेला असतो. भिंतीपलीकडे तिने नळाखाली गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, लावला आहे आणि धार करंगळीएवढी. कधी तेवढीही नाही, नुसता फुसफुस आवाज. साडेसहा-पावणेसातला तुमच्या मोटरी बंद व्हायला लागतात तेव्हा तिकडे धार जरा जाड होते. सव्वासातला नळ जातात. मधल्या त्या अर्ध्या तासात पिण्याचं भरायचं, पोरांच्या आंघोळी, रात्रीची भांडी, आणि रांगेतल्या दुसरीशी थोडं भांडणही, कारण तिलाही तेवढाच अर्धा तास आहे. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. तिची सातवीतली पोरगी नळावर बसते, म्हणून पहिला तास बुडतो.

मग आठला यायची ती नऊला तुमच्या दारात उभी. "ताई, नळच नाही आला त काय करू?" तुम्हाला तो बहाणा वाटतो. वाटणारच, तुमच्याकडे तर नळ आला होता, चांगला धो-धो आला होता. तुम्ही म्हणता या लोकांना वेळेची किंमतच नाही, ओट्यावरची भांडी तशीच टाकून ऑफिसला पळता, जाताना पोरावर चिडता. त्या दिवसाचा उशीर सुरू झाला कुठून? तुमच्या पायरीखालून. एक वहिनी मला म्हणाल्या, "बाई फार सुट्ट्या घेऊन राहिली, दुसरी बघून द्या ना." मी दुसरी बघून देईन वहिनी, पण तीही त्याच नळाची असेल.

डब्यांचं माझं रडगाणं मोठं करत नाही. डाळ-तांदूळ धुवायला, भांड्यांना किती पाणी लागतं ते ज्याच्या घरी स्वयंपाक होतो त्याला माहीत आहे. बोअरचं पाणी आहे माझ्याकडे, पण ते इतकं जड की त्यात डाळ शिजता शिजत नाही. गॅस जातो तो जातो आणि वरण दाताखाली येतं. चालतं माझं कसंतरी. खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे.

लाइनीत दाब असतो तेव्हा पाइपाला कुठे भेग असली, जोड सैल असला, तर पाणी बाहेर गळतं. नुकसान होतं, पण पाणी स्वच्छ राहतं. सगळ्यांनी मिळून मोटरी लावून लाइन उपसली की उलटं होतं. पाइपाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच भेगेतून बाहेरचं आत खेचलं जातं. बाहेर काय आहे? आपल्या गल्ल्या अरुंद, पाण्याची लाइन आणि गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची, हातभर अंतराने गेलेल्या, आणि गडरचं चेंबर महिन्यातून एकदा तरी तुंबतंच. पावसाळ्यात तर सगळी माती त्या घाणीने भिजलेली असते. मागच्या पावसाळ्यात आमच्या रांगेत नळाला वास येत होता. दोन घरांत कावीळ झाली तेव्हा पाणीपुरीवाल्याला दोष देऊन आपण मोकळे झालो. कदाचित त्याचाही असेल. पण कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे सगळे पाण्यातून येणारे आजार आहेत आणि त्यांना यायला रस्ता हवा असतो, तो आपण रोज पहाटे उघडून देतो. तुमच्याकडे आरओ आहे म्हणून तुम्ही निश्चिंत. पण ज्या पाण्याने भाजी धुतली, चूळ भरली, ताट विसळलं ते आरओतून आलेलं नसतं. आणि वस्तीत आरओ कुठून आणायचा?

चोवीस तास पाणी ही कल्पनाच मुळी यासाठी आहे. नागपुरात तिचा पहिला प्रयोग धरमपेठ झोनमध्ये झाला आणि २०१२ पासून अख्ख्या शहराचा पुरवठा २५ वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे गेला. लोकांना वाटतं चोवीस तास म्हणजे मध्यरात्रीही आंघोळ करता येईल अशी चैन. तसं नाही. लाइन सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली तर घाण आत शिरत नाही, आणि कोणाला साठवून ठेवायची घाईही राहत नाही, हा त्यातला मुद्दा. आपल्या भागात ते दिवस कधी येतील यावर चौकात भरपूर बोलून झालं आहे. अर्जावर सही मीही केली आहे आणि पुन्हा करीन. पण "आधी त्यांनी दाब द्यावा, मग आम्ही मोटर काढू" हे म्हणणं मला कळत नाही. मोटरी चालू असताना त्या लाइनीत दाब टिकणार कसा? थेट लाइनीवर मोटर लावायला परवानगी नाही. पथक आलं तर पंप जप्त करून नेतं, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. पथक येणार असलं की ग्रुपवर सगळ्यात आधी तेच कळतं, गुड मॉर्निंगच्याही आधी.

आणि "मी बिल भरतो" हेही एकदाचं बोलून टाकू. बिल भरता ते तुमच्या मीटरमधून गेलेल्या पाण्याचं. पुढच्या घराच्या नळाला जो दाब उरला नाही, तो कोणाच्याच बिलात येत नाही.

आता जरा लांबची गोष्ट. आपलं पाणी येतं कुठून? काही भागाला कन्हान नदीतून येतं, बाकी मोठा भार पेंचवर. पेंच नदीवर तोतलाडोह धरण, त्याखाली पारशिवनीकडे नवेगाव खैरी, तिथून गोरेवाड्याकडे, शुद्धीकरण, मग जलकुंभ, मग आपली गल्ली. त्याच पेंचच्या पाण्यावर रामटेक-मौद्याकडचे धानाचे शेतकरी आहेत. आणि एक गंमत सांगते. आपण वापरून गटारात सोडलेलं पाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. म्हणजे माझ्या खरकट्या भांड्यांच्या पाण्यानेही तुमच्या मोटरला थोडी वीज पुरवली असेल.

२०१९ आठवतं? पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं आणि जुलै महिन्यात शहरात एक दिवसाआड पाणी झालं. तेव्हा पानठेल्यावर, ऑफिसात, मंदिरात एकच चर्चा : वर मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे चौराई धरण बांधलं, त्यांनी आपलं पाणी अडवून धरलं. किती चिडलो होतो आपण! त्यांचीही बाजू होती. नदी त्यांच्याकडूनच येते, करारात त्यांचा वाटा आहे, त्यांच्याही शेताला पाणी लागतं. पण ते आपल्याला ऐकायचं नव्हतं, कारण आपण खालच्या अंगाला होतो आणि खालच्याला वरच्याची बाजू ऐकू येत नाही. कोपऱ्यावरचे एक काकाजी तेव्हा रोज म्हणायचे, "वरच्यांनी दार लावून घेतलं की खालचे मेले." बरोबर बोलायचे. फक्त आपल्या लेआउटच्या लाइनीत चौराई कोण आहे, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. काकाजी, तुमचं घर जलकुंभाकडून येणाऱ्या लाइनीवर पहिलं आहे आणि तुमच्याकडे दोन मोटरी आहेत.

(यावर ते माझ्याशी बोलणं सोडतील अशी भीती आहे. पण वर्गणीला तरी बोलावंच लागेल.)

कूलरबद्दलही लिहायचं आहे, आणि इथे मी जरा जपून लिहिते. कारण कूलर बंद करा असं नागपुरात म्हणणाऱ्याने आधी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, एक दुपार काढून दाखवावी. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले. हवामान खात्याने नंतर सेन्सरची चूक म्हणून सांगितलं, पण त्या दिवशी ज्याने-ज्याने ते ऐकलं त्याला खरंच वाटलं, यातच काय ते आलं. तर कूलर लावा. माझ्याकडेही आहे. पण मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज पितो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मानक आहे. म्हणजे बारा तास चाललेला कूलर हा घरात जेवायला-राहायला आलेला आणखी एक माणूसच समजा. तो पाहुणा लागतोच, पण त्याच्यासाठी नळाचा पाइप कूलरमध्ये सोडून झोपी जाऊ नका. फ्लोट वॉल्व्ह खराब झालेले कूलर आपल्या लेआउटमध्ये किती आहेत ते पाहायचं तर दुपारी रस्ता कुठे कुठे ओला आहे ते बघावं. संध्याकाळी अंगणात सडा टाकायला एक बादली लागते, ती खुशाल टाका. मातीचा तो वास मलाही हवा असतो. पाइप धरून अख्खा डांबरी रस्ता धुवायला मात्र माझा विरोध आहे, आणि गाडी रोज धुण्याचं कारण मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

कूलरची दुसरी बाजू पावसाळ्यात कळते. मृगाचा पाऊस पडला की आपण कूलरची वायर काढतो आणि त्याला तसाच बाल्कनीत नाहीतर गच्चीवर उभा ठेवतो, तळाला चार बोटं पाणी असतं. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तो दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तुमच्या कूलरमधला डास धंतोलीत जाऊन कोणाला चावणार नाही. तो शेजारच्या पाळण्यातल्या बाळाला चावेल, नाहीतर खाली खेळणाऱ्या पोरांना, नाहीतर तुमच्याच आईला. आणि नुसतं पाणी ओतून दिलं म्हणजे झालं नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात, पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की पुन्हा जिवंत. म्हणून घासून, पुसून, वाळवून ठेवायचा. हंगामात आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून कोरडा करायचा. महापालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा दार न उघडता वरूनच "आमच्याकडे काही नाही" म्हणणारे घर मी पाहिलं आहे. तपासणी तुमच्या कूलरची असते, पण ती शेजाऱ्यासाठी असते.

मग करायचं काय? मोटर अजिबात नको असं मी म्हणत नाही. जमिनीत टाकं बांधा, नळाचं पाणी आपल्या दाबाने त्यात पडू द्या, आणि मग मोटर त्या टाक्यावर लावून वर चढवा. वाटेल तेवढ्या हॉर्सपॉवरची लावा, कोणाचं काही जात नाही. ज्यांच्याकडे टाकं आधीच आहे त्यांना तर फक्त जोडणी बदलायची आहे, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. जागा नसलेल्या दोन शेजाऱ्यांनी मधल्या भिंतीलगत एक सामाईक टाकं केलं तरी चालेल. भांडाल थोडे, पण चालेल. फ्लॅट स्कीमवाल्यांनी आपला पंप टाक्यातून ओढतो की थेट लाइनीतून, ते एकदा खाली जाऊन स्वतः पाहावं. कित्येकांना माहीतच नसतं, बिल्डरने लावून दिलं तसंच चालू आहे.

आणि त्याआधी एक प्रयोग. येत्या सोमवारपासून रविवारपर्यंत, एक आठवडा, सगळ्यांनी लाइनीवरच्या मोटरी बंद ठेवायच्या. सगळ्यांनी, एकाने लपून चालू ठेवली तर उपयोग नाही. पहिले दोन दिवस वरच्या गल्लीत धार बारीक वाटेल, बोंबाबोंब होईल, ती मी ऐकून घेईन. शिव्या द्यायच्या तर माझ्या घरी या, चहा मिळेल. शेवटच्या गल्लीतले आम्ही आणि वस्तीतल्या दोन बाया रोज एक बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवू. मधल्या गल्लीतल्या कोणीतरी तेच तिथे करावं, आकडे समोरासमोर ठेवू. काही फरक पडला नाही तर मी सगळ्यांसमोर तसं सांगेन आणि पुढच्या अर्जाचा कागद मीच लिहीन. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, डायलिसिसचं आहे, बाळंतीण आहे, त्यांनी आधी सांगावं. त्या घरांना पाणी कमी पडणार नाही हे आपण बाकीचे मिळून बघू, दोन कॅन उचलून नेऊन देणारी पोरं माझ्या डब्यांवर आहेत.

बोलायला शनिवारी संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जमू. प्लंबरलाही बोलावलं आहे, तो टाक्याचा आणि जोडणीचा खर्च घरागणिक सांगेल. वस्तीतल्या बायांनाही या म्हटलं आहे, तेव्हा सतरंजीवर जागा ठेवा. वरच्या गल्लीतल्यांनी लवकर या, उशिरा येऊन आधी निघून जाता. पोरांना घेऊन आलात तरी चालेल, ओडोमॉस लावून आणा.

आपली,
शेवटच्या गल्लीतली डबेवाली ताई
नागपूर

ता.क. : ज्यांच्याकडे दीड हॉर्सपॉवरची ऑर्डर गेली असेल त्यांनी दुकानदाराला थांबायला सांगा. शनिवारनंतर कदाचित परत करायची वेळ येईल.